जुन्या ट्रॅक्टरच्या सीटची बैठक केली, पण आई तिच्यावर बसत नाही

बाभूळबन
नमस्कार मंडळी. देवळीजवळच्या (जि. वर्धा) एका गावात राहतो. शेती आहे आणि वेल्डिंगचं छोटं दुकान आहे. मागच्या महिन्यात गावातला एक जुना ट्रॅक्टर भंगारात निघाला, त्याची लोखंडी सीट मी मागून घेतली. आताच्या ट्रॅक्टरला फोमची सीट असते, तशी नाही ही. परातीसारखी खोलगट, दोन मांड्यांसाठी दोन खळगे आणि मधे ओळीनं पाडलेली भोकं. रंग कधीचाच उडालाय. कडा बसून बसून इतक्या गुळगुळीत झाल्यात की हात फिरवत राहावासा वाटतो.

दुकानात कमानीचा एक पाटा पडला होता. त्याच्या एका टोकाला सीट बसवली आणि दुसऱ्या टोकाला जमिनीवर टेकेल असा सागाचा आडवा दांडा लावला. छान बैठक झाली, बसलं की थोडी दबते. फोटो भाचीला पाठवला. ती नागपूरला शिकते. ती म्हणाली, मामा, अशीच बैठक इटलीत १९५७ साली झालेली आहे. अकिले आणि पिएर जाकोमो कास्तिलिओनी या दोघा भावांनी ट्रॅक्टरची सीट, स्टीलची वाकवलेली पट्टी आणि खाली लाकडी दांडा एवढ्यातच ती केली. पुढे सत्तरच्या दशकात झानोत्ता कंपनीनं ती विकायला आणली. आज ती संग्रहालयांत आहे. तिचं नाव मेझाद्रो.

मेझाद्रो म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, बटईदार.

माझ्या वडिलांनी कितीतरी वर्षं दुसऱ्याचं वावर बटईनं केलं. त्या रात्री झोप लागली नाही.

आता मूळ प्रश्न. ही बैठक मी केली आईसाठी. ती ७१ वर्षांची आहे, गुडघे गेलेत. खाली पाटावर बसून तूर निवडता येत नाही, प्लास्टिकच्या खुर्चीत नीट उठता येत नाही. पण या बैठकीवर ती एकदा टेकली आणि उठली, पुन्हा बसलीच नाही. तिला कशी खुर्ची करून देऊ? आणि जगात लोक कसकशा खुर्च्या करतात, त्यातलं आपल्याकडच्या उन्हाला, काळ्या जमिनीला, कामाला काय लागू पडेल? जाणकारांनी सांगावं.

ओसरी
फोटो पाहिला. फार देखणी झालीय. ती भोकं नुसती शोभेची नाहीत बरं का. सीट उघड्यावर असायची, पावसाचं पाणी त्यातून निथळून जायचं आणि खालून वारा लागायचा.

वरुडचा_पोट्टा
दादा, मे महिन्यात ही सीट अंगणात ठेवू नका. आमच्या घरच्या बायका तिच्यावर पापड भाजून घेतील.

रेषा
मी नागपूरला एका महाविद्यालयात डिझाइन शिकवते. बाभूळबन, तुमच्या भाचीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

मेझाद्रोच्या नावाबद्दल थोडं. इटलीत मेझाद्रिया म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यावर जमीन कसायची पद्धत. आपली बटईच. १९६४ च्या कायद्यानं तिथं असे नवे करार बंद झाले. म्हणजे ही बैठक झाली तेव्हा ती पद्धत शेवटच्या घटका मोजत होती. गावं ओस पडत होती, माणसं कारखान्यांकडे निघाली होती. अशा वेळी दोघा भावांनी शेतातली वस्तू उचलून शहरातल्या दिवाणखान्यात आणली आणि नाव बटईदाराचं ठेवलं. मुलांना हे सांगताना मला दरवेळी भरून येतं.

तुम्ही विचारलंत जगात कसकशा खुर्च्या होतात. मला सगळ्यांत ओढ वाटते ती टाकाऊ वस्तूचा स्वभाव ओळखून केलेल्या खुर्च्यांची. जपानमध्ये कापडाला चुण्या पाडताना ते कागदाच्या दोन थरांमध्ये धरतात. चुण्या पडल्या की कागद वाया. फॅशन डिझाइनर इस्से मियाके यांनी तो कागद नेंदो या स्टुडिओला दिला आणि २००८ मध्ये त्यांनी त्याची खुर्ची केली. कागदाची जाड गुंडाळी घ्यायची, वरून उभी चीर द्यायची आणि एकेक थर बाहेर सोलत जायचं. पत्ताकोबीची पानं सोलतो ना, अगदी तसं. नावही कोबी खुर्चीच. खिळा नाही, आतून सांगाडा नाही. कागदातलं राळेसारखं द्रव्य आणि त्या चुण्या, एवढ्यावर ती उभी राहते.

तोकुजिन योशिओका यांची २००१ ची हनी-पॉप तर त्याहून गंमतशीर. पातळ कागदाचे १२० थर एकावर एक चिकटवलेले. गणपतीच्या मखरात आपण कागदी घंटा उघडून लावतो, तशी ती उघडते. मग तुम्ही तिच्यावर बसायचं. बसलात की तुमच्या अंगाचा ठसा पडतो आणि तो आकार कायमचा. खुर्ची पूर्ण होते ती बसणाऱ्यामुळे. तुमच्या सीटच्या गुळगुळीत कडांबद्दल वाचलं आणि हीच आठवली.

कापूसकोंडा
ताई, तुमचा मान राखून वेगळं बोलतो. असल्या खुर्च्या लाखांत विकल्या जातात आणि दोरी लावून ठेवतात, हात लावू देत नाहीत. बसायचं धाडस होत नसेल तर ती खुर्ची कसली? इकडे सोयाबीन काढून हातात काय उरलं ते माझं मला माहीत. आमच्या माणसाला कागदाच्या खुर्चीचं कौतुक सांगू नका. या भावाच्या आईला उठता येत नाही, त्याचं बोला.

रेषा
कापूसकोंडा, तुमचं म्हणणं मला पटतं. दोरी लावलेल्या खुर्चीचं मलाही दुःख होतं. पण प्रत्येकीत एक युक्ती असते आणि युक्तीला पैसे पडत नाहीत. कागद राहू द्या. गुंडाळी सोलून खुर्ची होऊ शकते हे कळलं की गोणपाटाकडे आपण वेगळ्या नजरेनं पाहतो.

बिछायतवाला
मी वीस वर्षांपासून बिछायत केंद्र चालवतो. माह्यापाशी सातशे खुर्च्या हायेत. तुमी इटली-जपानच्या गोठी करून रायले, वाचाले बरं वाटते. पण खुर्ची काय असते थे लग्नाच्या मांडवात पाहा राजेहो.

पांढरी प्लास्टिकची खुर्ची म्हंजे देवमाणूस हाये. एकीत एक बसते. ट्रॉलीच्या एका चकरीत तीनशे जातेत. दोन पोट्टे अर्ध्या घंट्यात उतरवतेत. वरण सांडलं तं पाइपानं धुवा, झालं. लाकडाच्या खुर्च्यांत हे होते का?

आता मोडते कोठी थे सांगतो. मागचा पाय अन् बसाची जागा जिथं जुळते, तिथं. पाहुणा जेवला का मागच्या दोन पायावर झुलते. कडकन आवाज येते, सारे हासतेत. माह्या मात्र जीव धडधडते, का पडणारा बुढा माणूस तं नाई. मागं एका कंपनीचा माल घेतला. दोन उन्हायात वरून पांढरी भुकटी सुटाले लागली, हात लावला तं हाताले लागे. त्या लॉटच्या दीडशे खुर्च्या मी मोडीत काढल्या. कोनाच्या कंबरेले लागलं असतं तं मी तोंड कोनाले दाखवलं असतं?

रेषा
बिछायतवाले भाऊ, ही खुर्ची किती मोलाची आहे ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत. तिलाही जन्मकथा आहे. एका साच्यात, एका दमात, जोड नसलेली खुर्ची करायचा ध्यास कितीतरी डिझाइनरांनी घेतला होता. डेन्मार्कच्या व्हर्नर पँटनची एकसंध प्लास्टिकची खुर्ची १९६७ मध्ये बाजारात आली. ती सुंदर होती पण महाग. फ्रान्सच्या आंरी मासोने यांनी १९७२ मध्ये जी हातांची खुर्ची काढली, तिच्यावरून आज जगभर दिसणारी ही स्वस्त खुर्ची आली. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरायचं आणि थंड झालं की बाहेर.

पांढरी भुकटी सुटते ती उन्हामुळे. उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिप्रोपिलीनच्या लांब साखळ्या तुटत जातात. वरचा थर खडूसारखा होतो आणि आतलं प्लास्टिक कडक, ठिसूळ. किरण अडवणारं द्रव्य मालात घालावं लागतं. ते कमी घातलं की चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्यात काय व्हायचं ते होतंच.

आणि ट्रॉलीचा हिशोब तुमच्याआधी एकानं मांडलाय. मिखाएल थोनेटची १४ नंबरची खुर्ची, १८५९ ची. वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाचे ६ तुकडे, थोडे स्क्रू. सुटे करून १ घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या मावायच्या. पोचल्या की तिथे जोडायच्या. जगातल्या कितीतरी कॅफेंमध्ये ती अशीच पोचली.

बिछायतवाला
३६? लय भारी मानूस हाये बावा हा थोनेट.

जागलीवाला
मी यवतमाळ जिल्ह्यातला. माझं दुखणं वेगळं आहे, पण धाग्यात बसतं म्हणून लिहितो.

तूर शेंगेला आली की रात्री जागल करावी लागते. रानडुकरं येतात, रोह्यांचे कळप येतात. मचानावर एकट्यानं चढायला आता जमत नाही, म्हणून धुऱ्यावर खुर्ची टाकून बसतो. आमची जमीन काळी, भारी. जरा ओल असली की प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय सुरीसारखे आत जातात. तेही चारी सारखे नाहीत. मागचा एक जास्त जातो आणि माणूस हळूहळू कलंडत राहतो. झोप लागली की धपकन पडणार. एकदा पडलो, बॅटरी फुटली. खाली पाटी टाकून पाहिली तर पाय पाटीवरून घसरतो.

तर बाभूळबन, आईची खुर्ची झाली की जागलीच्या खुर्चीचाही विचार करा. पाठ टेकता यावी, पण इतकीही नाही की डोळा लागावा.

लेथमशीन
जागलीवाले, तुमच्या दुखण्यावर शंभर वर्षांपूर्वीचा उपाय आहे. मी अकोल्याला एमआयडीसीत लेथवर आहे, पाइपांशी रोजचा संबंध.

१९२६ मध्ये नेदरलँड्सच्या मार्ट स्टॅम यानं गॅसचे पाइप आणि कोपऱ्याचे जोड घेऊन खुर्ची केली. मागचे पायच नाहीत. पाइप जमिनीवर आडवा पसरतो, पुढून वर चढतो, सीट होतो आणि पाठ होतो. १९२७ मध्ये श्टुटगार्टच्या प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली. त्याच सुमारास बाउहाउस या जर्मनीतल्या डिझाइनच्या शाळेत मार्सेल ब्रॉयर पाइप वाकवत होता. त्याला ही कल्पना सायकलच्या हँडलवरून सुचली. हँडल वाकू शकतं तर खुर्ची का नाही?

तुम्हाला यातून घ्यायचं ते एवढंच, की जमिनीला चार टोकं टेकत नाहीत, दोन लांब पाइप आडवे टेकतात. घसरगाडीसारखे. वजन पसरतं, त्यामुळे ओल्या जमिनीत रुतणं फारच कमी.

बाभूळबनसाठी : पाइप वाकवायच्या आधी आत कोरडी बारीक वाळू ठासून भरा, दोन्ही तोंडं लाकडी बुचानं बंद करा. नाहीतर वाकताना चपटा होतो. आणि मागचे पाय नसलेली खुर्ची करायची तर कोपऱ्यात कापून वेल्डिंग करू नका. सगळा ताण तिथंच येतो आणि वेल्डच्या शेजारी चीर जाते. पाइप अखंड हवा.

दारव्ह्याची_वाकय
मी पह्यल्यांदाच लिहून रायली. लेक मोबाइलवर वाचून दाखवते, मी सांगते, थे लिहिते.

आमच्या घरी माह्या सासूच्या लुगड्याचं एक गाठोडं होतं. नऊवारी, इरलेले, पण रंग अजून हाये. वाकय म्हंजे गोधडी, थे शिवाले घेतले तं इतके निंगाले का दोन वाकया होऊनही उरले. मंग म्या त्याच्या घड्या केल्या, एकावर एक रचल्या, अन् मालकाले म्हनलं का पलंगाच्या पट्टीनं आवळून द्या. त्याईनं कोठीवर धान्याच्या कट्ट्याले बांधतेत तशी लोखंडी पट्टी मारून देली. आता थे ओसरीत हाये. बसलं का सासूच्या मांडीवर बसल्यासारखं वाटते. लेक म्हनते का अशी खुर्ची परदेशात हाये. खरं हाये का?

रेषा
मावशी, अगदी खरं आहे! नेदरलँड्सच्या तेजो रेमी यांनी १९९१ मध्ये हेच केलं. जुन्या कपड्यांचे थर रचून धातूच्या पट्ट्यांनी आवळले. ड्रूग या समूहानं ती जगापुढे आणली. खुर्ची मागवणारा स्वतःचे जुने कपडेही त्यात घालू शकतो. म्हणून प्रत्येक खुर्ची वेगळी. तुमच्या सासूबाईंची लुगडी तुम्ही तुमच्या मनानं रचलीत, यासाठी तुम्हाला नमस्कार.

१९९१ मध्येच ब्राझीलच्या कांपाना बंधूंनीही साओ पाउलोत लाकडाचे तुकडे एकावर एक ठोकून फावेला खुर्ची केली. तिथल्या झोपड्या जशा मिळेल त्या फळीनं उभ्या राहतात, तशीच. आतून सांगाडा नाही. त्यांच्याच दुसऱ्या एका खुर्चीवर सुमारे ५०० मीटर दोर हातानं गुंतवलेला आहे.

ओसरी
५०० मीटर दोर म्हणजे गावातल्या सगळ्या बाजा विणून होतील.

मानवेल
बांबूवर अजून कोणीच बोललं नाही! मेळघाटात बरीच वर्षं काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विदर्भाच्या जंगलात मुख्यतः मानवेल. त्याची भिंत जाड, खालच्या पेरांत तर जवळजवळ भरीव. म्हणून काठीला आणि खुर्चीलाही उत्तम. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कटांगही मिळतो, तो जाड आणि काटेरी. बांबू तीन वर्षांचा झाल्याशिवाय तोडू नये. कोवळ्यात साखर-पिष्ट जास्त, किडा लगेच लागतो. रात्री खुर्चीखाली पिवळी भुकटी पडलेली दिसली की समजायचं, आत भुंगा पोखरतोय. पावसाळा सरल्यावर तोडलेला, बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवलेला बांबू वर्षानुवर्षं टिकतो. धारणीजवळ लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. एकदा तरी जाऊन या.

पूर्वी स्वतःच्या धुऱ्यावरचा बांबू तोडला तरी परवान्याची भीती, कारण कायद्यात बांबू हे झाड होतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला. त्याआधी २०११ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं स्वतःच्या सामूहिक वनातला बांबू विकायचा हक्क मिळवला, तो दिवस आम्ही सण म्हणून साजरा केला होता.

डिझाइनमध्ये मला संदीप संगारू यांचं काम फार आवडतं. बांबूच्या बारीक पट्ट्या त्रिकोणात गुंफून ते खुर्चीचा सांगाडा करतात, पुलाच्या कैचीसारखा. त्रिकोण हलत नाही, म्हणून कमी बांबूत भरपूर ताकद. त्यांच्या या मालिकेला आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळालाय. माझी खंत एवढीच, की आमच्या बुरूड मंडळींच्या हातात हे कसब पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्यांच्याकडून आपण सूप-टोपल्यांपलीकडे काही मागत नाही. खुर्ची मागा. करतील.

कापूसकोंडा
मानवेल, तुमचं शेवटचं वाक्य मनाला लागलं. आमच्या गावचा सुतार तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करायचा. चाकं, मान, शिंगांचा बाक, इतका जिवंत बैल की लेकरं त्याला ढेप चारायला न्यायची. आता तो पांढऱ्या बोर्डाची कपाटं ठोकतो. त्याला कुणी बैल मागत नाही.

सागवान
विषय निघालाच आहे तर चंडीगडचं सांगतो. नोकरीमुळे काही वर्षं तिकडे होतो. शहर उभं राहत असताना, पन्नाशीच्या दशकात, वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या झाल्या. कंपासच्या दोन पायांसारखे उलट्या व्ही आकाराचे पाय. पुढे त्या जुनाट ठरल्या, गच्चीवर ढीग लागले, लिलावात कवडीमोलानं गेल्या. परदेशात त्यांचेच लाखो रुपये झाले. शेवटी २०११ मध्ये केंद्राच्या गृह मंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर बंदी आणावी लागली.

तेव्हापासून कुठल्याही कचेरीत गेलो की मी अडगळीच्या खोलीत डोकावतो. आपल्याकडेही आलापल्लीच्या सागाच्या, वेतानं विणलेल्या खुर्च्या होत्या. वेत विणायला अंध कारागीर यायचे. बोटांनी भोक शोधून असा ताण द्यायचे की वीस वर्षं झोळ पडायचा नाही. आमच्या एका कचेरीत असल्या अकरा खुर्च्या जाळून शेकोटी केलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. मला अजून वाईट वाटतं.

गुडघा_आणि_कंबर
मी फिजिओथेरपिस्ट आहे, वर्ध्याला. धागा वाचत होते, पण मूळ प्रश्न मागे पडतोय म्हणून लिहिते.

बाभूळबन, आईंना उभं करा. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत माप घ्या आणि त्यात दोन-तीन इंच मिळवा. तेवढी सीटची उंची. साधी खुर्ची १७-१८ इंचांची असते, त्यात गुडघा खूप दुमडतो आणि उठताना सगळा भार त्यावर येतो. पण बसल्यावर पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे.

आता खरी गोम. माणूस उठतो तेव्हा आधी पावलं मागे, सीटखाली सरकवतो. करून पाहा. पाय पुढे पसरून कुणालाच उठता येत नाही. म्हणून सीटखाली पुढच्या बाजूला आडवी दांडी नको. तुमच्या फोटोत पाटा नेमका तिथूनच जातो. लेथमशीन यांनी सांगितलेल्या खुर्चीतही पुढची आडवी दांडी मागे न्या. हात सीटच्या पुढच्या काठापर्यंत यावेत, त्यावर दाब दिला तर खुर्ची डगमगू नये. आणि झोका नको. तरुणाला तो आवडतो, दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाचा विश्वास उडतो.

लेथमशीन
ताई, झोका नको असेल तर मागे दोन उभे पाइप द्यावे लागतील. खाली घसरगाडी तीच ठेवायची. हरकत नाही, बिनपायाची हौस पुन्हा कधी तरी.

बाभूळबन
मंडळी, दोन आठवडे झाले लिहून. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत की कुणाचे आभार मानू कळत नाही.

आईचं माप घेतलं, १७ इंच भरलं. मग सीट २० इंचांची धरली. एक इंची पाइप वाळू भरून वाकवला. पहिला चपटा झाला, कारण वाळू ओली होती. तापवल्यावर वाफेनं बूच बंदुकीसारखं उडालं, सुदैवानं समोर कुणी नव्हतं. दुसरा जमला. खाली दोन लांब पाइप आडवे, मागे दोन उभे, पुढे आडवं काहीच नाही. हाताला जुन्या चौकटीचा साग तासून लावला.

सीटसाठी ट्रॅक्टरची सीटच वापरायची म्हणून मी तिच्या बुडाला पट्ट्या जोडत होतो. आई दारात उभी होती. म्हणाली, "ते लोखंड नको लावू." मी म्हटलं, गार पडतं म्हणून का? वरून गादी टाकतो. तर म्हणाली, "ज्या साली मालकाच्या घरी तो ट्रॅक्टर आला, त्याच साली तुझ्या बाबाची बटई गेली. वावर सुटलं. मी त्याच्यावर बसणार नाही."

मला हे माहीतच नव्हतं. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. ट्रॅक्टर त्या मालकांचाच, सीट मी त्यांच्याकडूनच मागून आणली होती. आणि मला वाटत होतं, गुडघ्यामुळे बसत नाही.

मग सीट सुतळीची केली. बाज विणतात तशी, दोन दोऱ्या आडव्या, दोन उभ्या, एक वर एक खाली. विणकाम आईनंच सांगितलं, बोट लावून लावून. दोनदा उसवायला लावलं, कारण मधे झोळ पडत होता. परवा संध्याकाळी ती बसली. सूप मांडीवर घेतलं, दोन पायल्या तूर निवडली. उठताना हातांवर तळवे ठेवले, पावलं मागे घेतली आणि उठली. माझा हात पुढे झाला होता, तो तिनं धरला नाही.

ट्रॅक्टरची सीट दुकानात माझ्या बसायला ठेवली आहे. मेझाद्रो नाव खडूनं लिहिलंय.

दारव्ह्याची_वाकय
बापू, सुतळी आता सैल पडन. पह्यले पंधरा दिवस झोळ येतेच. मागच्या अंगाले चार बोटं जागा सोडून ताणाची दोरी वेगळी घे, बाजीच्या पायथ्याले असते तशी. महिन्यातून एकदा आवळली का झालं. अन् माय मायच असते बापू, तिले इचारूनच करत जा.

मानवेल
सुतळीपेक्षा अंबाडीचा दोर मिळाला तर बघा. टोचतो थोडा, पण झिजत नाही.

जागलीवाला
खालची घसरगाडी पाहिली, मला हेच हवं होतं. किती पाइप लागला आणि खर्च किती आला ते कळवा. तूर फुलावर आलीय.

बिछायतवाला
भौ, मांडवात पह्यल्या रांगेत बुढ्या मानसाईसाठी अशा चार खुर्च्या मले पाहिजेत. एकीत एक नाई बसल्या तरी चालते, ट्रॉलीत जागा करतो. फक्त सीट धुता आली पाहिजे, वरण सांडतेच.

बाभूळबन
जागलीवाले, एका खुर्चीला २४ फूट पाइप लागला, त्यात एक तुकडा वाया गेला तो धरून. सविस्तर माप व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. बिछायतवाले भाऊ, सुतळीवर वरण सांडलं तर वास धरेल. तुमच्यासाठी नायलॉनची नवार लावून पाहतो, ती धुता येते. पण चारही लगेच जमणार नाहीत, वेचणी सुरू आहे. एक आधी करतो. ती तुमच्या मांडवात चालवून पाहा, मग बाकीच्या तिघी.